रक्त थांबल्यावर

सांगलीत एक डॉक्टर होते. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, रक्त थांबायला लागलेला वेळ मात्र राहत असे. मी त्यांना सात वर्षं ओळखत होतो. एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. दारात दिसलो की म्हणत, "अडीच मिनिटं, आत या." त्यांच्या पत्नी साडेतीन मिनिटं होत्या. समोरचे किराणा दुकानदार चार मिनिटं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

बोटाला किंवा कानाच्या पाळीला सुई टोचायची. दर अर्ध्या मिनिटानं टिपकागद हलकेच टेकवायचा. कागदावर टिपका उमटायचा बंद झाला की घड्याळ थांबवायचं. तपासणी एवढीच. इतर लॅबमध्ये ती शस्त्रक्रियेआधी होत असे. डॉक्टर ती ओळख होताना करत.

माझी ओळख झाली ती एका चुकीमुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सांगलीतून निघणाऱ्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. तापाच्या साथीच्या बातमीत 'प्लेटलेट या रक्तातील पांढऱ्या पेशी' असं वाक्य छापून गेलं. बातमी मी लिहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, सडपातळ गृहस्थ जिना चढून आमच्या खोलीत आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. त्यांनी अंक उघडून टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

मी हात वर केला.

"हात तसाच ठेवा."

त्यांनी खिशातून वेष्टनातली सुई काढली. "नवी आहे. तुमच्यासमोर फोडतो," म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत टोचली. खोलीतले सगळे खुर्च्या सोडून जमले. पहिला टिपका ज्वारीच्या दाण्याएवढा आला. दुसरा जरा लहान. चौथा मोहरीएवढा. सहाव्या वेळी कागद कोरा निघाला.

"अडीच मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "रक्त कुणी थांबवलं?"

"आपोआप थांबलं."

"तुमचा पेपर आपोआप निघतो का? ज्यांनी थांबवलं त्यांना तुम्ही काल पांढऱ्या पेशी म्हणालात. त्या पांढऱ्या नाहीत. आणि नीट बोलायचं तर पूर्ण पेशीही नाहीत. मोठ्या पेशीच्या कडेचे तुटलेले तुकडे आहेत. तुकड्यांनी एवढं काम केलं."

आम्ही चौथ्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. पुढं कधीतरी त्यांच्या लॅबमध्ये एक जाड वही पाहायला मिळाली. एका पानावर माझे पाच टिपके चिकटवले होते आणि त्यांच्याखाली ती दुरुस्ती. पानावर नाव नव्हतं. कोणत्याच पानावर नव्हतं.

लॅब हळदीच्या बाजाराजवळ होती. मोसमात खिडकी उघडी राहिली तर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पिवळी धूळ बसे. शहरातल्या बाकीच्या लॅबमध्ये तोवर पेशी मोजणारी यंत्रं येऊ लागली होती. डॉक्टर काचपट्टीवर डोळ्यांनी मोजत. यंत्र का घेत नाही, असं विचारल्यावर म्हणत, "यंत्र मोजतं. बघत नाही."

याचा एक दाखला माझ्यासमोर घडला. एका मुलीच्या रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा इतका कमी होता की वडील तिला त्याच दिवशी पुण्याला न्यायला निघाले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून वाटेत इथं थांबले. डॉक्टरांनी आधी मुलीचे हात, मग हिरड्या पाहिल्या. कुठंही निळा डाग नव्हता. काचपट्टी लावून दोन मिनिटं पाहिलं आणि वडिलांना बोलावलं.

"या, बघा. दिसतात का? बाजारातल्या बायकांसारख्या घोळका करून बसल्यात. नळीतल्या औषधामुळं होतं कधीकधी असं. यंत्र एकेकटी मोजतं, घोळका त्याला दिसत नाही. पोरीला घरी न्या, जेवायला घाला."

वडील डॉक्टरांच्या पायाशी वाकायला लागले. डॉक्टर ओरडले, "अहो, मी काही केलं नाही! मी फक्त बघितलं."

ते मूळचे कोरेगावचे. महिन्यातून एकदा गावी जात आणि तिथं एकाच न्हाव्याकडं दाढी करून घेत. त्यांना हवी असे ती दाढीपेक्षा न्हाव्याकडची माहिती. वस्तरा लागल्यावर कुणाचं रक्त किती वेळ वाहतं, हे न्हाव्याइतकं कुणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा मी बरोबर होतो. न्हावी साबण लावता लावता म्हणाला, "आवं डागदर, शाळंतल्या मास्तरचं रगत थांबंना झालंय. बारका कट, पर तीनदा तुरटी फिरवली. आन् पायावर काळंनिळं डाग हायती म्हनं."

डॉक्टर अर्ध्या दाढीनं उठले. तोंडावर फेस तसाच ठेवून शाळेत गेले आणि चालू वर्गातून मास्तरांना बाहेर बोलावलं. मुलं खिडकीत जमा झाली. मास्तरांच्या प्लेटलेट खरोखरच खूप कमी झाल्या होत्या. वेळेवर उपचार झाले. ते मास्तर पुढं रीतसर निवृत्त झाले. न्हाव्याला डॉक्टरांनी एक स्टॉपवॉच भेट दिलं. स्टॉपवॉच असलेलं जिल्ह्यातलं ते एकमेव केशकर्तनालय असावं. मी ते पडताळून पाहिलेलं नाही.

लॅब काढण्याआधी ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. तिथली एक गोष्ट त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. 'प्लेटलेटचे कार्य लिहा' या प्रश्नाला विद्यार्थी 'रक्तस्राव थांबवणे' असं लिहीत. पुस्तकात तेच होतं. डॉक्टर सर्वांना अर्धे गुण देत. तक्रार वरपर्यंत गेली. तिथं त्यांनी सांगितलं, "उत्तर अर्धं आहे, गुण अर्धे दिले." त्यानंतरच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

उरलेलं अर्धं उत्तर त्यांनी मला एका बुधवारी समजावलं. बुधवारी माझी सुट्टी असे. त्यांनी खणातून पार्सलाचे दोन दोरे काढले, एक पांढरा, एक पिवळा.

"रक्त थांबलं की लोक घरी जातात. खरं काम तिथून पुढं आहे. प्लेटलेट जखमेत फुटते तेव्हा तिच्या पोटातून काही प्रथिनं बाहेर पडतात. ती स्वतः काही बांधत नाहीत. आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात की इथं भिंत पडलीय, या, कामाला लागा. या प्रथिनांचं एक घराणं आहे. दोनच दोरे, अ आणि ब. ते जोडीनंच असतात." त्यांनी दोरे पिळून दाखवले. "दोन्ही अ, दोन्ही ब, किंवा एकेक. तीन भावंडं. निरोप तोच, घेणारी दारं थोडी वेगळी."

"हे तुम्ही शोधलंत?"

"मी? परदेशात शोधलं. मी टपालानं झेरॉक्स मागवतो. हे आधी लिहून ठेवा, नाहीतर उद्या छापाल 'सांगलीच्या डॉक्टरांचा शोध'."

मी ते त्याच दिवशी लिहून ठेवलं.

त्या झेरॉक्समध्येच त्यांनी वाचलं होतं की, तिकडं काही डॉक्टरांनी न भरणाऱ्या जखमांवर रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेटचा रस लावून पाहिला आहे. ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. एसटीत शेजारच्याच्या गुडघ्यावरची खपली दिसली तरी ते विचारत, "कधीची?" लोक जागा बदलून बसत.

बिरा त्यांच्याकडं आला तो त्यांच्या वर्गमित्रामार्फत. वर्गमित्र सर्जन होते. बिरा आटपाडीकडचा मेंढपाळ, पन्नाशीचा. दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला यायचं, कोरेगावच्या बाजूनं शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, हा त्याच्या घरचा पिढ्यांचा रस्ता. रक्तात साखर होती, ती कुणाला माहीत नव्हती. पायाची जाणीव कमी झाली होती. बाभळीचा काटा मोडला तो कळला नाही, चपलेनं कातडं खाल्लं ते कळलं नाही. डाव्या पायाला दोन जखमा होत्या, एक अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर, दुसरी बाहेरच्या कडेला. दोन्ही पाच महिने भरत नव्हत्या. सर्जननी पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं सांगितलं होतं.

बिराबरोबर त्याची बायको हौसाबाई होती. बोलत होता तो बिरा.

"डॉक्टर, पाय काढला तर जीव ऱ्हाईल न्हवं?"

"राहील."

"आन् मेंढरं? ती बसून राखता येत न्हाईत. पोरगी दिली, ल्योक न्हाई. भावानं यंदाच्याला नेल्यात. फुडल्या साली तो बी म्हनंल, इकून टाक."

डॉक्टरांनी त्याच्या घोट्यामागं बोट ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. मग उठून सर्जनना फोन केला. त्यांचं बोलणं मला आठवतं, कारण ते भांडल्यासारखं बोलत होते. "रक्त पोचतंय रे. रस्ता चालू आहे. निरोप पोचत नाही. सहा आठवडे दे." सर्जननी दिले. अट घातली की जखमा साफ ते स्वतः करणार, साखर आटोक्यात ठेवायची, पाऊल जमिनीला लावायचं नाही आणि ताप आला किंवा लाली वर चढली तर त्याच दिवशी पाय काढायचा.

मग डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. औषध एकाच जखमेला लावायचं. दुसरीवर मिठाच्या पाण्याची पट्टी, जी रुग्णालयात सगळ्यांना लावतात. पाय तोच, साखर तीच, विश्रांती तीच. फरक पडला तर तो औषधाचा.

"सहा आठवड्यांनी तुम्ही छापायचं. मी बरोबर निघालो तर तसं, चुकलो तर तसं. शब्द द्या."

मी दिला. संपादकांनीही रविवारच्या अंकात जागा धरून ठेवली.

कोणती जखम निवडायची ते नाणं उडवून ठरलं. औषध अंगठ्याच्या जखमेला आलं. डॉक्टरांनी हे त्या दोघांना त्यांच्या भाषेत नीट समजावलं. बिरा म्हणाला, "तुमाला बरं वाटंल तसं." हौसाबाईंनी कडेच्या जखमेकडं बोट केलं.

"आन् हिला?"

"हिला मिठाचं पाणी."

हौसाबाई पुढं काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्याची नोंद डॉक्टरांनी केली नाही. मीही केली नाही.

आठवड्यातून एकदा बिराचं रक्त घ्यायचे. नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घातल्या की लाल भाग खाली बसे, वर पिवळसर पाणी राही आणि मधे एक पुसट थर. डॉक्टर त्याला साय म्हणत. ती काढून पुन्हा फिरवायची, त्यातल्या प्लेटलेट फोडायच्या आणि रस बाटल्यांत भरून थंड ठेवायचा. रोज दिवेलागणीला हौसाबाई येत. डॉक्टर त्या रसात भिजवलेली पट्टी उकळलेल्या बाटलीत घालून देत आणि दुसऱ्या बाटलीत मिठाच्या पाण्याची. पट्ट्या त्या घरी बांधत आणि सकाळी सोडत. मुक्काम हौसाबाईंच्या भावाकडं होता. भाऊ बाजारात हमाल. खोली हळदीच्या गोदामाला लागून.

डॉक्टरांना धास्ती होती ती हळदीची. ते कोरेगावचे असल्यामुळं त्यांना गावठी उपायांची यादी पाठ होती. रोज संध्याकाळी बाटल्या देताना ते ती म्हणत.

"हळद नाही. भंडारा नाही. चुना नाही. पाल्याचा रस नाही. राख नाही."

"न्हाई लावत."

"देवाचा म्हणूनसुद्धा नाही."

"आवं, किती येळा सांगशिला? न्हाई लावत म्हटलं की न्हाई."

तरी दर शनिवारी बिरा लॅबमध्ये आला की डॉक्टर आधी जखमांचा वास घेत. हळद कधी लागली नाही. हौसाबाईंनी शब्द पाळला होता.

शनिवारीच जखमांचं मोजमाप होई. धुतलेली एक्स-रे फिल्म जखमेवर धरून कडेनं रेघ मारायची, मग ती आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. डॉक्टर दोनदा मोजत, तिसऱ्यांदा मला मोजायला लावत. पहिल्या आठवड्यात काही बदल नव्हता. दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या जखमेची कड गुलाबी झाली. डॉक्टरांनी किराणा दुकानदाराला बोलावून ती दाखवली.

"चार मिनिटं, इकडं या. हे बघा. निरोप पोचला."

मग त्यांनी कडेची जखम पाहिली. तिचीही कड गुलाबी होती.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही जखमा आक्रसल्या. चौथ्यात आणखी. बिरा खूश होता. डॉक्टर दिवसेंदिवस गप्प होत गेले. त्यांनी यंत्राचे फेरे तपासले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या, आपण पट्ट्यांची अदलाबदल तर केली नाही ना म्हणून स्वतःवर पाळत ठेवावी तसं प्रत्येक पायरी लिहून ठेवू लागले. अदलाबदल नव्हती. एकदा मला म्हणाले, "दोन सख्खे भाऊ इतक्या इमानदारीनं सारखे वागत नाहीत." पाचव्या आठवड्यात त्यांनी निष्कर्ष स्वीकारला. जखमा भरल्या त्या साफसफाई, साखर आणि विश्रांती यांमुळं. ज्या प्रथिनांसाठी त्यांनी नोकरी सोडली होती, त्यांचं या पायात काहीच काम नव्हतं.

"माझं औषध म्हणजे खटाटोप करून काढलेलं मिठाचं पाणी," ते म्हणाले. पत्नींनी चहा आणला तो त्यांनी तसाच ठेवला.

सहावा आठवडा संपला त्या शुक्रवारी सकाळी सर्जननी पाय पाहिला. दोन्ही जागी कोवळं कातडं आलं होतं. पाय काढायचं कारण उरलं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. दुपारी सगळे लॅबमध्ये जमलो. बिरा खुर्चीत, पाय स्टुलावर. हौसाबाई भिंतीला टेकून जमिनीवर. दिलेल्या शब्दाप्रमाणं डॉक्टर बातमी सांगत होते, मी लिहून घेत होतो.

"लिहा. रुग्णाचा पाय वाचला. परंतु प्लेटलेटमधील प्रथिनांचा उपयोग झाल्याचे आढळले नाही. औषध न लावलेली जखमही तितक्याच वेगाने भरली. सबब, प्रस्तुत डॉक्टरांचा अंदाज चुकीचा ठरला."

"'सबब' नको," मी म्हणालो.

"राहू द्या. चुकीला 'सबब' शोभतं."

हौसाबाईंनी पदर सावरला. "आवं, पाय बरा झाला न्हवं? मग तुमी तोंड पाडून का बसलाय?"

"बाई, औषध नव्हतं लावलं ती पण बरी झाली. म्हणजे औषधाचा गुण नाही."

"कुठली न्हवती लावली?"

"कडेची."

हौसाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. बिरानं छताकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "लावली की."

डॉक्टरांनी स्टॉपवॉच हातात धरलं. ते चालू नव्हतं.

"काय लावलंत?"

"तुमचंच. हळद न्हाई, भंडारा न्हाई. तुमी दिल्याली औशिदाची पट्टी. मधनं कापायची आन् निम्मी हिला, निम्मी तिला. मिठाच्या पान्याची बी तशीच, निम्मी-निम्मी. वाया न्हाई घालवली."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं."

"कशानं कापत होतात?"

"तुमीच कातर दिलीया. उकळून घेत हुते."

"पण मी सांगितलं होतं, एकीलाच…"

"आवं डॉक्टर," हौसाबाईंचा आवाज चढला, "मेंढीला दोन कोकरं झाली तर येकाला पाजून दुसरं उपाशी बांधून ठेवतोय का आमी? उपाशी हाय ते वरडतंय. पाय येकाचाच, आन् येक जखम लाडकी, येक सावत्र? तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला जमतंय. मला न्हाई जमलं."

बिरा हळूच म्हणाला, "मी म्हनलं हुतं तिला. सांगू नगं, त्यास्नी वाईट वाटंल."

"आन् बरूबर निम्मं व्हायाचं न्हाई रोज," हौसाबाई पुढं म्हणाल्या. "कवा तुकडा बारका-मोटा व्हायचा. मग आज मोटा हिला दिला तर उद्या तिला. रविवारी हिची पाळी आसली की सोमवारी तिची. चुकीवलं न्हाई."

डॉक्टर हसायला लागले. ते फार कमी हसत, आणि त्यांना ते नीट जमत नसे, खोकल्यासारखं वाटे. पाणी प्यायले. मला म्हणाले, "ऐकलंत? ही बाई माझ्यापेक्षा काटेकोर आहे. बंदीच्या यादीत हळद घातली, राख घातली. 'वाटून देऊ नये' एवढंच घालायचं राहिलं."

मी लिहिलेला कागद फाडला होता. "म्हणजे औषध चाललं! दोन्हींना मिळालं, दोन्ही भरल्या. म्हणून तर सारख्या भरल्या. डॉक्टर, ही बातमी आधीच्यापेक्षा मोठी आहे."

"कोण म्हणतं चाललं?"

"मग फसलं का?"

"तेही कोण म्हणतं? तुलनेला काही उरलंच नाही. आज सकाळपर्यंत मला वाटत होतं की मला उत्तर माहीत आहे. आता माहीत नाही. ही त्यातल्या त्यात प्रगती."

बातमी छापू नये असं त्यांनी सांगितलं. संपादक ऐकेनात. मथळा तयार होता: 'स्वतःच्याच रक्ताने वाचला पाय'. शनिवारी दुपारी डॉक्टर पुन्हा आमचा जिना चढून आले. या वेळी त्यांनी कुणाला सुई टोचली नाही.

संपादक म्हणाले, "डॉक्टर, पाय वाचला हे तर खरं? लोकांना तेवढं पुरतं."

"पुरतं, म्हणूनच भीती आहे. हे छापलंत तर सोमवारपासून जिल्ह्यातला प्रत्येक सडका पाय माझ्या दारात येईल. त्यातले किती वाचतील ते मला ठाऊक नाही. ज्याचा आजच कापायला हवा, तो तुमचा पेपर हातात घेऊन सहा आठवडे थांबेल. त्याच्या घरी तुम्ही जाणार आहात का?"

संपादकांनी मथळ्याचा कागद बाजूला सारला. त्या रविवारी त्या जागेत गुळाच्या सौद्यांची बातमी गेली. माझ्या नोकरीच्या काळात छापल्याचा पश्चात्ताप झालेल्या बातम्या पुष्कळ आहेत. न छापल्याचं समाधान असलेली ही एकच.

हाच प्रयोग पुष्कळ रुग्णांवर, नीट देखरेखीखाली व्हावा म्हणून त्यांनी महाविद्यालयाकडं अर्ज केला. सोय नाही म्हणून तो परत आला. त्यांनी तो वहीत चिकटवला आणि पुन्हा काचपट्ट्यांकडं वळले.

दशक संपत आलं तेव्हा एक दिवस आमच्याकडं वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी आली. प्लेटलेटमधल्या त्याच घराण्यातल्या एका प्रथिनापासून परदेशात मलम तयार झालं होतं, आणि मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी त्याला तिथं परवानगी मिळाली होती. टेलिप्रिंटरवरून तो कागद फाडून घेऊन मी तडक लॅबमध्ये गेलो. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"कोणती जोडी?"

बातमीत ते नव्हतं.

"ब-ब असणार." त्यांनी खणातून पिवळा दोरा काढला, दुहेरी करून पिळला आणि उजेडात धरून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन. त्यात स्वतःविषयी काही नव्हतं. "छापा," म्हणाले. "चारच ओळी आहेत तर चारच छापा. स्थानिक काही जोडू नका."

डॉक्टर गेले तेव्हा मी सांगली सोडली होती. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नींनी ती जाड वही माझ्यासमोर ठेवली. "यातलं तुम्हालाच काही कळेल," त्या म्हणाल्या. पानांमागून पानं टिपक्यांची होती. कडेला फक्त मिनिटं लिहिलेली.

बिराचं पान मधे सापडलं. 'तीन मिनिटं. डावा पाय.' खाली दोन्ही जखमांच्या रेघा, सहा आठवड्यांच्या, एकात एक लहान होत गेलेल्या. त्याखाली 'निष्कर्ष' असं लिहून पुढं 'काढता येत नाही'. याच्या खाली, वेगळ्या शाईत, पुढच्या कधीतरीच्या हिवाळ्यात लिहिलेल्या काही ओळी होत्या:

'आज कोरेगावच्या रस्त्याला बिरा दिसला. पुढं मेंढरं, मागं हौसाबाई. पाय दाखव म्हणून हाक मारली. "मेंढरं फुडं गेल्यात, डॉक्टर," म्हणाला आणि निघाला. घड्याळ लावलं. पुलापासून वळणापर्यंत सहा मिनिटं. न थांबता.'